भैरूनं उभारलेली अँटेना

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून जिवंत आहेत आणि हातात काठी घेऊन फिरतात. तर त्या गावात भैरू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हे आपलं लोकलाजेस्तव म्हणायचं. त्याची आईसुद्धा ‘माझा भैरू भोळा हो’ असंच म्हणायची आणि मग कपाळाला हात लावून बसायची.

वय तीस. मिशा झोकदार. अंगात दोन गड्यांचं बळ. वागणं मात्र सरळ, म्हणजे सांगितलेल्या शब्दाच्या इकडं नाही की तिकडं नाही. एका सुगीला पाटलांनी त्याला सांगितलं, शेतातली पाखरं हाकल. भैरू पाखरांमागं निघाला तो तिसऱ्या दिवशी परत आला. पाखरं कर्नाटकात घातली म्हणाला. तेव्हापासून सुगीच्या दिवसांत सगळं गाव शेतात असायचं आणि भैरू एकटा पारावर बसलेला असायचा. त्याला कुणी कामाला बोलवायचंच नाही.

त्याच गावात रेडेकर मास्तर होते. हायस्कुलात तीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना नाद होता हौशी रेडिओचा. आता हे काय ते सांगतो, नाहीतर पुढं मलाच विचारत बसाल. सरकारची एक परीक्षा असते. ती पास झालं की लायसन मिळतं. मग माणसानं घरी एक सेट ठेवायचा, बाहेर तारेची अँटेना बांधायची आणि माइकवरून मुलखाबाहेरच्या माणसांशी गप्पा हाणायच्या. एकानं बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. विकतची अँटेना मास्तरांना चालायची नाही. विकतची अँटेना लावणारा माणूस बायकोला हॉटेलातून भाकरी आणायला सांगेल, असं ते म्हणायचे. तार, बांबू आणि दोऱ्या घेऊन ते स्वतःच अँटेना बांधायचे.

ती अँटेना लावून मास्तर बावीस वर्षं एकाच माणसाशी बोलत होते. दर रविवारी, सकाळी नवाला. माणसाचं नाव पारकर. मूळचा कोकणातला, पण जन्म गेला अंदमानात, नारळाच्या बागेत. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण मास्तरांचं पित्त कधी खवळतं आणि पारकरांची कुठली दाढ दुखते, हे एकमेकांना पाठ होतं.

तर एका रविवारी दोघांची जुंपली. विषय होता आमटीत खोबरं किती घालावं. पारकर म्हणाले, तुमच्या घाटावरच्या रश्श्यात तिखटाशिवाय काय असतं? मास्तर तापले. माइक तोंडाशी धरून म्हणाले, “पारकर, तुझ्या डोक्यात खोबरं आहे!” पुढं त्यांना म्हणायचं होतं, ‘पण खोबरं गोड असतं लेका.’ मास्तरांची थट्टा अशीच असायची, आधी फटका आणि मग गूळ. पण नेमकं तेवढ्यात एका वानरानं शेवग्यावरून अँटेनेवर उडी टाकली. तार तुटली, बांबू मोडला, आणि गूळ मास्तरांच्या तोंडातच राहिला.

मास्तर वानरावर धावून गेले. वानर वाचलं. मास्तरांचा पाय मोडला.

संध्याकाळी मास्तर मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून खाटेवर पडले होते. पाय दुखत होता, पण त्यांना दुखत होतं ते भलतंच. पारकरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पुढचा रविवार शेवटचा. नवाला बोलायचं, दहाला बोटीत बसायचं, आणि पोराकडं कुठल्याशा शहरात राहायला जायचं. पोरगा पाचव्या मजल्यावर. तिथं तार बांधू देत नाहीत. पोराचा पत्ता मास्तरांनी विचारून घ्यायचा राहिला होता.

“तार करा की,” सुंदराकाकी म्हणाल्या. ही मास्तरांची बायको.

“माफीची तार? आधी पोस्टातला कारकून वाचणार, मग शिपाई वाचणार, मग पारकर. माफी तोंडानं मागायची असते.”

“मग पत्र टाका.”

“पत्र बोटीनं जातंय. ते तिकडं जाणार आणि पारकर इकडं येणार.” मास्तरांनी प्लॅस्टरवर मूठ आपटली. “बावीस वर्षं, सुंदरा. आणि त्याच्या कानात शेवटचं काय राहिलं, तर खोबरं. माझ्या जिवाला लागून राहिलंय बघ.”

रविवारच्या आत अँटेना उभी करायला माणूस पाहिजे होता. सगळं गाव सुगीला गेलेलं. काकी पारापर्यंत जाऊन आल्या.

“कोण आहे मोकळं?” मास्तरांनी विचारलं.

“सांगू नये असा एकजण हाय,” काकी म्हणाल्या.

सोमवारी सकाळी भैरू दारात हजर. खुशीत होता. लहानपणापासून त्याला त्या सेटाचं भारी वेड. मास्तर म्हणाले, “भैरू, तालुक्याला जा. दुकानातनं अकरा मीटर तांब्याची तार आण. सरळ आण. एक पीळ पडता कामा नये.”

“बरं मास्तर. सरळ आणतो.”

भैरूनं तार घेतली. दुकानदार ती गुंडाळायला लागला तसा भैरूनं त्याचा हात धरला. एक टोक मुठीत घेऊन तो सरळ रस्त्यानं निघाला आणि मागं अकरा मीटर तार निघाली. एस्टीत तो शेवटच्या बाकावर बसला, खिडकीतून हात बाहेर काढून. तार गाडीमागनं सरपटत आली. कंडक्टर म्हणाला, “हे काय?” भैरू म्हणाला, “सरळ न्यायची हाय.” कंडक्टरनं घंटी मारली. त्याला पुष्कळ माणसं भेटत असणार.

भैरू घरी पोचला तेव्हा तारेला सतरा गाठी होत्या. शिवाय एक परकर होता, बाभळीची फांदी होती आणि टोकाला एक शेळी होती. शेळी कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकींनी ती ठेवून घेतली.

“अरे येड्या!” मास्तर ओरडले. “लांब वस्तू आणायची म्हणजे गुंडाळायची असते! गुंडाळायची आणि काखेत मारायची!”

“बरं मास्तर. ध्यानात ठेवलं.”

काकींनी दिवसभर बसून सतरा गाठी सोडवल्या आणि प्रत्येक गाठीला भैरूच्या एकेका पूर्वजाचा उद्धार केला.

मंगळवारी मास्तर म्हणाले, “काशाप्पा बुरुडाकडं जा. अठरा फुटी बांबू आण.”

भैरू गेला. काशाप्पानं झकास बांबू काढून दिला. भैरूनं त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या. वाकवून पाहिला. गुडघा लावून पाहिला.

“काय करतोस?” काशाप्पानं विचारलं.

“गुंडाळतोय.”

“बांबू गुंडाळत न्हाई कुणी.”

“मास्तरांनी सांगितलंय. लांब वस्तू गुंडाळून काखेत मारायची.”

काशाप्पा हाडाचा बुरूड. गुंडाळायचा म्हणजे आधी चिरायचा, हे त्याला पिढीजात ठाऊक. मास्तरांनी सांगितलंय म्हटल्यावर त्यानंही जास्त डोकं चालवलं नाही. त्यानं कोयती घेतली आणि अठरा फुटी बांबूच्या पट्ट्या काढल्या. भैरूनं त्या गुंडाळल्या, काखेत मारल्या आणि वेळेवर घरी आणल्या.

मास्तरांनी ते भेंडोळं हातात घेऊन उलटसुलट केलं.

“भैरू, ह्याच्यावर अँटेना चढवायची का ह्यात भाकरी ठेवायच्या?”

“तुम्ही म्हणाल तसं, मास्तर.”

“अरे बेण्या! चिरायचं नाही, मोडायचं नाही, गुंडाळायचं नाही! अख्खं आणायचं! उभं धरायचं, टोक आभाळाकडं!”

“बरं मास्तर. ध्यानात ठेवलं.”

दुसरा बांबू काशाप्पानं स्वतः आणून टाकला. मास्तरांनी तसा निरोपच धाडला होता. काकींना त्या पट्ट्यांचं सूप विणून मिळालं. आत्तापर्यंत भैरूच्या मूर्खपणात काकींचा फायदाच झाला होता, पण त्या ते कबूल करायच्या नाहीत.

बुधवारी मास्तरांनी त्याला शाळेची लाकडी शिडी आणायला पाठवलं. शिडी पंधरा फुटी. भैरूनं ती अख्खी घेतली. उभी धरली. टोक आभाळाकडं. आणि आभाळाकडं बघत तो गावाच्या मधल्या आळीतनं निघाला.

मधल्या आळीत विजेच्या तारा ह्या घरातनं त्या घरात गेलेल्या. पहिली तटकन तुटली. दुसरी तुटली. तिसऱ्या तारेला ठिणग्या उडाल्या, खांबावर मोठा बार झाला आणि गावची वीज गेली. शिडी वाळक्या लाकडाची होती म्हणून ही हसायची गोष्ट झाली, नाहीतर भैरूच्या दहाव्याचं जेवण झालं असतं. भैरूनं मात्र शिडी तसूभर वाकू दिली नाही. वायरमनला निरोप गेला. त्यानं उलटा निरोप पाठवला, सोमवारी येतो.

मास्तर ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांना आता भीती वाटायला लागली होती. हा गडी रविवारपर्यंत जगला पाहिजे, नाहीतर पारकरांशी बोलायचं कसं? त्यांनी भैरूला खाटेजवळ बसवलं आणि शाळेतल्यासारखा धडा दिला.

“नीट ऐक. विजेशी खेळ नाही. विजेची वस्तू म्हटली की जमीन आली. खड्डा खणायचा. मीठ आणि कोळसा घालायचा. वस्तू आत पुरायची. वर दोन घागरी पाणी. मग कुणाच्या जिवाला धोका नाही. आपल्या सेटाचं अर्थिंग असंच करायचंय. ती बघ तांब्याची पट्टी. जा.”

“बरं मास्तर. ध्यानात ठेवलं.”

भैरूनं खड्डा खणला. मीठ घातलं, कोळसा घातला, पट्टी पुरली, दोन घागरी पाणी घातलं. काकी स्वतः बघून आल्या. काम बिनचूक. मास्तरांनी त्याला शाबासकी दिली. इथंच मास्तर चुकले असं माझं मत आहे. अशा माणसाला शाबासकी देऊ नये, तो ती वापरतो.

वीज गेलेली, म्हणजे सेट चालवायला बॅटरी पाहिजे. गुरुवारी मास्तरांनी भैरूला ट्रॅक्टरवाल्या बाळगोंडाकडं पाठवलं. बाळगोंडा भला माणूस. त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. भैरू ती डोक्यावर घेऊन आला. दारात त्यानं विचारलं, “काकी, ही विजेची वस्तू हाय का?”

काकी पापड लाटत होत्या. “मग काय भाजी हाय?” म्हणाल्या.

“बरं काकी.”

दुपारी मास्तर उठून बसले. “बॅटरी आली?”

“आली मास्तर.”

“कुठं ठेवलीस?”

“परसात. मीठ घातलंय, कोळसा घातलाय. दोन घागरी पाणी आत्ताच घातलं. आता कुणाच्या जिवाला धोका न्हाई.”

मास्तरांनी उशी तोंडात धरली. काकींनी लाटणं घेतलं आणि भैरूला परसात पिटाळलं. बॅटरी उकरून काढली तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता. पुसली, वाळवली, चुलीजवळ ठेवली. बाळगोंडानं येऊन तपासली. म्हणाला, निम्मी मेली. अर्धा तास चालंल, वर न्हाई.

“अर्धा तास पुष्कळ झाला,” मास्तर म्हणाले. मग ते भैरूकडं वळले. “पाणी? बॅटरीला पाणी? अरे, असल्या वस्तूला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही! कोरड्यात ठेवायची! फडक्यात गुंडाळायची, बाळंतिणीसारखी जपायची!”

“बरं मास्तर. ध्यानात ठेवलं.”

शुक्रवारी सकाळी बांबू उभा करायचा होता. घरात सिमेंटचं अर्धं पोतं होतं. मास्तर खाटेवरून म्हणाले, “अंगणात दोन हात खड्डा खण. बांबूचा बुंधा आत सोड. भोवतीनं वाळू-सिमेंट भर. एवढं तरी धड कर.”

भैरूनं खड्डा खणला, बांबू आत सोडला, वाळू भरली, सिमेंट भरलं. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. उलट आत जाऊन काकींची गोधडी आणली आणि बुंध्याला गुंडाळली. वरून काकींच्या बहिणीची शालही घातली. सकाळची हवा गार होती.

बांबू अर्धा तास उभा होता. मग बांबू सावकाश कलला, कौलं फोडून स्वयंपाकघरात गेला आणि त्याचं टोक बरोबर आमटीच्या पातेल्यात उतरलं.

“मुडद्या!” काकींचा आवाज शेतापर्यंत गेला म्हणतात. सुगीची माणसं विळे टाकून उभी राहिली.

मास्तर खाटेवरनं निम्मे खाली आले होते. “अरे सिमेंट आहे ते! पाणी पाजायचं असतं त्याला! कालवायचं असतं! आणि बांबू हातानं धरून उभं राहायचं असतं! मधेच सोडून चालत नाही! मधेच थांबून चालत नाही! एकदा काम हातात घेतलं की मी ‘बास’ म्हणेपर्यंत करत राहायचं! समजलं? मी बास म्हणेपर्यंत!”

“बरं मास्तर. ध्यानात ठेवलं. तुम्ही बास म्हणेपर्यंत.”

आणि खरं सांगतो, ह्या खेपेला त्यानं ते काम असं केलं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. सिमेंट कालवलं, पाणी पाजलं, बांबू मिठी मारून धरला. दुपारी काकी जेवायला बोलवायला गेल्या. तो म्हणाला, “मास्तर बास म्हणाले न्हाईत.” काकींनी उभ्यानं भाकरी भरवली. संध्याकाळी मास्तर औषध घेऊन झोपले, बास म्हणायचं राहून गेलं. शनिवारी दुपारी त्यांच्या ध्यानात आलं. तोवर सिमेंट दगड झालं होतं आणि भैरूचे हातही.

“बास रे बाबा, बास!” मास्तर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “तुझ्यासारखा गडी मिळायचा नाही.”

भैरूची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कामाचं मर्म कळलं होतं.

त्याच दिवशी त्यानं बांबूला शिडी लावली आणि तार बांधली. तारेचे दोन हात, साडेपाच-साडेपाच मीटरचे. मधोमध बांबूचं टोक. एक हात शेवग्याकडं उतरलेला, दुसरा गोठ्याकडं. टोकांना दोऱ्या. मधून सेटाची केबल घरात आलेली. हात मुद्दाम जरा लांब ठेवले होते. घरची अँटेना अशीच करतात. आधी लांब ठेवायची, मग टोकाकडनं थोडी थोडी कापत जायची. सेटाजवळ एक मीटर असतो, त्याचा काटा खाली आला की लांबी जमली, तिथं थांबायचं. पण काटा बघायला सेट चालू करावा लागतो आणि बॅटरीत जीव अर्ध्या तासाचा. म्हणून कापायचं काम रविवारवर ठेवलं.

शनिवारी नुसता सेट लावून मास्तरांनी दोन मिनिटं कानोसा घेतला. तेवढ्यात भैरू तीनदा आत आला. “मास्तर, आलं का?” “मास्तर, कोण बोलतंय?” “मास्तर, मी बोलू?”

“भैरू,” मास्तर म्हणाले, “उद्या मी सेटवर असताना घरात पाऊल टाकायचं नाही आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. माइकमध्ये सगळं जातं. लायसन माझं आहे.”

“बरं मास्तर. ध्यानात ठेवलं.”

रविवार उजाडला. नवाला दहा मिनिटं कमी. मास्तर खाटेवर उशांना टेकून बसले, नवा सदरा घालून. पारकरांना सदरा दिसणार नव्हता, पण घातला. बॅटरीचा चिमटा सैल झाला होता, म्हणून काकी तो दोन्ही हातांनी दाबून खाली बसल्या. त्यांना हलायची सोय नव्हती. अंगण घराच्या दुसऱ्या अंगाला, खाटेवरनं दिसत नव्हतं. भैरू तिथं पक्कड घेऊन उभा.

मास्तर खिडकीतनं ओरडले, “भैरू! दोन्ही टोकांना चार-चार बोटं काप! मग दोरी परत बांध! चार बोटांनी नाही भागलं तर वीत काप, वितीनं नाही भागलं तर हातभर काप! मी बास म्हणालो की बास!”

“बरं मास्तर!”

मास्तरांनी सेट चालू केला. काटा वर होता. कट्. काटा जरा खाली आला. कट्. आणखी खाली. कट्. कट्. काटा तळाला टेकला. असा काटा मास्तरांनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं, बास म्हणायला तोंड उघडलं, आणि सेटातनं आवाज आला.

“रेडेकर. रेडेकर, आहेस का रे? मी पारकर. ओव्हर.”

मास्तर बास विसरले. सगळंच विसरले. “आहे! आहे रे बाबा! पारकर, मी आहे! ओव्हर!”

कट्.

“आहेस होय,” पारकर म्हणाले. आवाज शेजारच्या खोलीतनं यावा तसा स्वच्छ. “मला वाटलं, येत नाहीस. आठ दिवस धड जेवलो नाही, रेडेकर. तू मला बोललास, बोल, तुझा हक्क आहे. पण बोलून खटका बंद केलास? बावीस वर्षांत तू कधी नमस्कार केल्याशिवाय गेला नाहीस. दहाला बोट आहे. सेट खोक्यात भरायचाय. माणसं खोळंबलीत. पण म्हटलं, एकदा तुझ्या तोंडून ऐकावं, तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे. सांग. ओव्हर.”

मास्तरांनी डोळे पुसले. काकींनीही पुसले असते, पण हात गुंतले होते.

बाहेर भैरूला प्रश्न पडला होता. मास्तर बास म्हणत नाहीत म्हणजे चार बोटांनी भागत नसणार. त्यानं वीत घेतली. कट्. शेवग्याकडं एक, गोठ्याकडं एक. तार आखडायला लागली तशी टोकं वर जायला लागली, म्हणून त्यानं शिडी घेतली. मास्तर बोलायला लागले की तारेला हात लावल्यावर चटके बसत होते, मुंग्या येत होत्या. पण मुंग्या आल्यावर थांब असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा त्याला वाटलंही, विचारावं का आत जाऊन. मग आठवलं, पाऊल टाकायचं नाही, ब्र काढायचा नाही. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि हातभर कापायला घेतलं.

आत मास्तर बोलायला लागले. आता एक ध्यानात घ्या. साधा माणूस असता तर म्हणाला असता, पारकर, चुकलो, माफ कर. चार शब्दांत मोकळा झाला असता. पण मास्तरांचा जन्म फळ्यापुढं गेलेला. आधी चुकीचं उत्तर लिहून दाखवायचं, मग ते खोडून बरोबर लिहायचं, ही त्यांची शिकवायची रीत.

“पारकर,” ते म्हणाले, “आधी सांगतो की खटका मी बंद केला नाही. वानरानं तार तोडली. ओव्हर.”

“रेडेकर, आवाज बारीक येतोय,” पारकर म्हणाले. “वानर का काय ते कळलं नाही. जोरात बोल. ओव्हर.”

कट्. कट्.

मास्तरांनी माइक दाढीला टेकवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “पारकर! नीट ऐक! मागच्या रविवारी मी काय म्हणालो, ते आज मी परत एकदा शब्द न् शब्द म्हणतो! तुझ्या डोक्यात खोबरं आहे! आणि त्याच्या आधी मी असंही म्हणालो होतो, की तुझ्यासारख्या माणसाला चव कशाची ती कळत नाही, आणि तुझ्याशी बोलून माझी रविवारची सकाळ फुकट जाते! हे सगळं—”

कट्.

मीटरचा काटा उसळला आणि पार वरच्या टोकाला जाऊन आपटला.

“—साफ खोटं होतं, पारकर!” मास्तर काट्याकडं न बघता ओरडत होते. “खोबरं गोड असतं रे! तुझ्याएवढा जिवाभावाचा माणूस मला ह्या जन्मात मिळाला नाही! चुकलो मी! माफ कर मला! ओव्हर!”

सेट खरखरला. मास्तर कान लावून बसले. खरखरीच्या पार तळातनं, बोटभर उरलेल्या तारेतनं, पारकरांचा आवाज आला.

“‘हे सगळं’पर्यंत ऐकू आलं, रेडेकर. पुढं तुझं बंद झालं. बरं झालं, मनातलं स्पष्ट सांगितलंस. नमस्कार.”

“पारकर! पारकर!” मास्तरांनी माइक गदागदा हलवला. “अरे, ऐक! थांब! पारकर!”

कट्.

मग खरखरसुद्धा थांबली. काकींनी चिमटा सोडला. मास्तर माइक मांडीवर ठेवून तसेच बसले, नव्या सदऱ्यात.

थोड्या वेळानं दारात भैरूचं डोकं आलं. घामानं निथळत होता. दहा बोटांपैकी सहा भाजली होती. घरात पाऊल पडू नये म्हणून तो पायरीच्या अलीकडं उभा राहिला आणि सेट खरंच बंद झालाय ना, हे आधी त्यानं वाकून पाहिलं. मग अदबीनं म्हणाला,

“मास्तर, तार संपली. तुम्ही अजून बास म्हणाला न्हाईत. आता काय कापू?”